दोन्ही मनगटांची नाडी

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य आम्हांस स्पष्ट दिसले. कामगार चळवळीत ज्याचे आयुष्य गेले त्याने बोनस, किमान वेतन, मस्टर यांविषयी बोलावे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी त्याचा काय संबंध? शंका रास्त आहे. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रपाळीच्या मधल्या सुटीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वैद्याच्या अधिकाराने आम्ही येथे बोलत नाही. जे सांगणार आहोत ते एका चुकीमुळे शिकलो, आणि ती चूक आमची स्वतःची होती. ज्या मुलीच्या बाबतीत ती घडली तिनेच आम्हांला सांगितले की, नाव घेऊ नका, पण गोष्ट मात्र सांगा.

आठेक वर्षांपूर्वीची हकीकत आहे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे जे अनेक लहान कारखाने आहेत, त्यांपैकी एकात चोवीस वर्षांची एक मुलगी कामाला होती. भांडी पुसायची, कागदात गुंडाळायची, खोक्यात भरायची आणि खोकी डोक्याच्या वरच्या फळीवर रचायची, असे तिचे काम. तीन वर्षे ते तिने बिनतक्रार केले. मग तिचा डावा हात भरून येऊ लागला. पाच-सहा खोकी वर चढविली की हात शिशासारखा जड होई. दोन मिनिटे खाली सोडला की पुन्हा ठीक. पुढे पुढे हात चालवता चालवता डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मुकादमाने तिला कामचुकार ठरविले. बसली की बरी होते आणि कामाला उठली की दुखते, असले दुखणे आपण कधी पाहिले नाही, असे तो चारचौघांत म्हणे. तिचा रोज कापला गेला, तेव्हा ती आमच्याकडे आली.

आम्ही भांडून तिचा रोज मिळवून दिला आणि तेवढ्यावर खूष झालो. निघताना ती म्हणाली, "काका, रोज मिळाला, पण हाताचं काय?" त्यावर आम्ही दिलेले उत्तर आजही आम्हांला टोचते. आम्ही म्हणालो, "अगं पोरी, हात कुणाचा दुखत नाही? जरा नीट खात-पीत जा." मुकादम आणि आम्ही, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे, या एका बाबतीत अगदी एकमताचे निघालो!

ती एका दवाखान्यात गेली. तेथे डाव्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. वरचा आकडा ९० च्या आसपास आला. रक्तदाब कमी आहे असे सांगून शक्तीचे औषध दिले आणि मीठ-साखरेचे पाणी पीत जा म्हणून सांगितले. घरी आईने दृष्ट काढली. असे दोन महिने गेले. मग एका सकाळी चहा गाळताना तिच्या उजव्या हातातून गाळणे खाली पडले, तोंड वाकडे झाले, आणि बोलायला गेली तो शब्द फुटेना. शेजाऱ्यांनी तिला मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात नेले. निरोप मिळताच आम्हीही तेथे पोहोचलो. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिची दोन्ही मनगटे एकाच वेळी हातांत धरली आणि बराच वेळ त्या काही न बोलता बसून राहिल्या. उजव्या मनगटाची नाडी नीट लागत होती. डाव्या मनगटाला नाडीच नव्हती. मग त्यांनी उजव्या दंडाचा रक्तदाब पाहिला. तो १९० च्या वर होता.

माणूस एक, हृदय एक, आणि दोन हातांच्या आकड्यांत शंभराचा फरक! जिला कमी रक्तदाबाची रोगी समजून मीठ पाजले, तिचा खरा रक्तदाब भयंकर वाढलेला होता. हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी पुढची काही वर्षे आम्ही जमेल तसे वाचले, डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून भंडावले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

रक्ताची वाट

हृदयाच्या डाव्या भागातून जी थोरली रक्तवाहिनी निघते तिला महाधमनी म्हणतात. आरंभी तिची रुंदी सुमारे तीन सेंटिमीटर असते. ती छातीत कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यापुढून पोटात उतरते. कमानीच्या माथ्यावरून ज्या शाखा फुटतात त्या दोन्ही हातांना आणि डोक्याला रक्त पुरवितात. मेंदूकडे जाणाऱ्या वाटा एकूण चार. दोन मानेच्या पुढच्या बाजूने. त्यांचे ठोके जबड्याखाली बोट ठेवले असता लागतात. दोन मागच्या बाजूने, मानेच्या मणक्यांना असलेल्या भोकांतून वर चढतात. या मागच्या दोन वाटा हातांकडे जाणाऱ्या धमन्यांनाच फुटलेल्या फांद्या आहेत. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

या चारी वाटा मेंदूच्या तळाशी एकमेकींना मिळून एक कडे तयार होते. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. एक वाट अडली तर दुसरीकडून रक्त फिरवून आणण्याची ही सोय आहे. आणि ती हवीच. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके, पण आपण स्वस्थ बसलेले असताना हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्यातला सुमारे सहावा हिस्सा तो एकटा घेतो. मिनिटाला जवळजवळ पाऊण लिटर. त्याच्याजवळ साठा मुळीच नाही. हातावर पोट असलेल्या माणसासारखी त्याची स्थिती आहे. आज आले तर आज चूल पेटणार. काही मिनिटे पुरवठा पूर्ण बंद पडला तर तेवढ्या भागातल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी पुन्हा उभ्या राहत नाहीत.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी असे आम्हांस वाटत असे. ते खरे नाही. ती जिवंत आहे. मोठ्या धमनीच्या भिंतीला तीन थर असतात: आतला गुळगुळीत, मधला लवचीक व स्नायूंचा, बाहेरचा आधाराचा. या जाड भिंतीलाही खायला लागते, म्हणून बाहेरच्या थरातून बारीक बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. आम्ही ज्या रोगाविषयी बोलत आहोत त्याचा शिरकाव याच मागच्या दाराने होतो.

राखणदार उलटतो तेव्हा

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींची एक फौज सतत गस्त घालीत असते. परका जंतू आला की त्याला ओळखायचे आणि मारायचे, हे तिचे काम. आपला कोण, परका कोण, हे ओळखणे हीच तिची खरी विद्या. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल अर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाचे मत असे होते की, शरीर स्वतःवर शस्त्र धरण्याचे कटाक्षाने टाळते. ते मत इतके मान्य झाले की पुढे अनेक वर्षे उलट पुरावा दिसूनही त्याकडे काणाडोळा झाला. १९५६ साली अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. तेव्हा सशांच्या फौजेने स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला चढविला. त्यानंतर हे मान्य झाले की राखणदार उलटू शकतो. अशा रोगांना स्वयंप्रतिकाराचे रोग म्हणतात. आमवातात तो सांध्यांवर उलटतो, काही रोगांत त्वचेवर, मूत्रपिंडांवर किंवा मज्जातंतूंवर. आमच्या कामगार भगिनीच्या बाबतीत तो महाधमनीवर आणि तिच्या थोरल्या शाखांवर उलटला होता.

अशा वेळी पांढऱ्या पेशी धमनीच्या बाहेरच्या थरातून आत शिरतात, तेथे ठाण मांडतात आणि आपल्याच भिंतीला शत्रू समजून झुंजतात. भिंत सुजते. सूज महिनोन् महिने टिकली की जखमेवर वण धरावा तशी भिंत आतून घट्ट आणि जाड होते. नळीची बाहेरची रुंदी तितकीच, पण आतली जागा कमी कमी होत जाते आणि शेवटी कित्येकदा पार बुजते. क्वचित भिंत कमकुवत होऊन फुगतेही. उतारवयात चरबी साचून धमन्या कडक होतात ते वेगळे. हा रोग बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत बराच अधिक आढळतो. सर्वांना लागू पडावे असे एकच कारण हाती आलेले नाही. काही आनुवंशिक खुणा असलेल्यांत तो अधिक दिसतो. तो स्पर्शाने, श्वासाने, उष्ट्याने पसरत नाही, आणि रोग्याच्या कोणत्याही वागणुकीचे ते फळ नव्हे.

जपानपासून परळपर्यंत

या रोगाला टाकायासूचा रोग म्हणतात. मिकितो टाकायासू हे जपानातील कानाझावा येथील नेत्रवैद्य. १९०८ साली त्यांनी नेत्रवैद्यांच्या परिषदेत एकवीस वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत मांडली. तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांनी गजऱ्यासारखे कडे केले होते. रक्ताची टंचाई झाली की डोळा अशा आडवाटा काढतो. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोन सहकाऱ्यांनी सांगितले की, आमच्याही अशा रुग्ण आहेत आणि त्यांच्या मनगटाला नाडी लागत नाही. डोळा आणि मनगट यांची सांगड त्या दिवशी पडली. पुढे १९५१ साली शिमिझू आणि सानो यांनी या आजाराला 'नाडीविरहित रोग' असे सार्थ नाव दिले.

जपानचा रोग म्हणून आपण सुटलो असे कोणी समजू नये. आपल्या मुंबईचे नाव या रोगाच्या इतिहासात आहे, आणि तेही परळचे. गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आपणांस ठाऊक आहे. तेथील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव लोकांना आठवते ते फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी केलेल्या हृदयरोपणामुळे. भारतातले ते पहिले. पण त्याआधी पाच वर्षे, १९६३ साली, डॉ. सेन, डॉ. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला होता. तरुण वयात रक्तदाब भलताच चढलेला, आणि महाधमनीचा मधला भाग चिंचोळा झालेला, अशा रुग्णांचे त्यात वर्णन होते. १९७३ साली याच मंडळींनी एकशे एक रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला स्वतंत्र ग्रंथच काढला.

त्या कामातून आपल्याकडच्या रोगाची एक खूण स्पष्ट झाली. जपानात हा रोग मुख्यतः वरच्या कमानीला धरतो. आपल्याकडे तो पुष्कळदा पोटातल्या महाधमनीपर्यंत उतरतो आणि मूत्रपिंडांच्या धमन्या आवळतो. मूत्रपिंडाला रक्त कमी मिळाले की ते दाब वाढविण्याची हाकाटी करते आणि साऱ्या शरीराचा रक्तदाब चढतो. परळच्या विकृतिशास्त्रज्ञांना अशा अनेक रुग्णांत क्षयाच्याही खुणा आढळल्या, आणि दोहोंचा काही संबंध असावा काय, हा प्रश्न त्यांनी जगापुढे ठेवला. क्षयाचे जंतू हेच याचे कारण, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

पाण्याच्या लाइनीचा दाखला

आता त्या मुलीच्या हाताकडे वळू. हात वापरला की दुखतो, थांबला की बरा होतो, यात लबाडी काहीच नव्हती. डाव्या हाताची धमनी मुळाशीच आवळली होती. स्वस्थ बसल्यावर हाताला थोडे रक्त पुरते. काम करताना कितीतरी पट अधिक लागते. ते मिळेना म्हणून हात संप पुकारी. संप का झाला याची चौकशी करण्याऐवजी संपकऱ्यालाच कामचुकार म्हणणे ही रीत आम्हांला चांगली परिचयाची आहे. तरीही या वेळी आम्ही तेच केले.

पण हात चालविला की डोळ्यांपुढे अंधारी का यावी? मीरा-भाईंदरकरांना हे समजावयास कठीण नाही. इमारतीच्या एकाच लाइनीवर खालच्या आणि वरच्या खोल्यांचे नळ असतात. पाणी कमी दाबाने आले, आणि खालच्याने लाइनीला मोटर लावली, की वरचा नळ कोरडा पडतो. इतकेच नव्हे, वरच्या नळीतले उरलेसुरले पाणीही खाली ओढले जाते. शरीरात हुबेहूब असेच घडते. मेंदूकडे मागून जाणारी धमनी हाताच्या धमनीलाच फुटलेली असते, हे आम्ही वर सांगितले. हाताची धमनी त्या फाट्याच्या अलीकडे बुजली, की काम करणारा हात त्या फाट्यातून रक्त उलटे खेचतो. मेंदूकडे चढावयाचे रक्त मेंदूकडून हाताकडे उतरू लागते. १९६०-६१ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील वैद्यांनी हा प्रकार नीट दाखवून दिला आणि त्याला चोरीचेच नाव दिले. ती मुलगी जितक्या निष्ठेने खोकी रचीत होती, तितके तिच्या मेंदूचे रक्त तिचाच हात पळवीत होता.

रक्तदाबाचे कोडेही येथेच सुटते. दंडाला बांधलेला पट्टा त्या दंडातल्या धमनीचा दाब सांगतो. वरची तोटीच गंजली असेल तर नळाला धार बारीक येणार. म्हणून टाकी रिकामी आहे असे नव्हे. डावा हात ९० सांगत होता, पण मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड १९० चा मार सोशीत होते. त्यात मानेतली डावी धमनीही आतून आवळत चालली होती. मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे बोलणे आणि शरीराची उजवी बाजू यांचा कारभार असतो. म्हणून तिचा उजवा हात गेला आणि वाचा बसली. या रोगाच्या दहा रुग्णांपैकी सुमारे एकदोघांवर अर्धांगाचा किंवा त्याच्या पूर्वसूचनेचा असा प्रसंग येतो.

याच कुळातले आणखीही रोग आहेत. काही प्रकारांत राखणदार मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांवरच उलटतो. तेथे नाडी शाबूत असते. मात्र हटून बसलेली डोकेदुखी, बुद्धीला भ्रम, वागण्यात बदल, लहान लहान अर्धांगाचे झटके, अशी लक्षणे दिसतात. निदानासाठी कित्येकदा मेंदूचा कणभर तुकडा काढून तपासावा लागतो. पन्नाशीनंतर कानशिलाची धमनी सुजून एकाएकी दृष्टी जाण्याचा एक प्रकार आहे. तो आपल्याकडे कमी दिसतो. अशा रोग्याला वेड लागले, अंगात आले, असे समजून आपण किती काळ फुकट घालवितो याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

ओळखावे कसे

हा रोग दुर्मिळ आहे, हे प्रथम सांगतो. नाही तर उद्या सकाळी निम्मे गाव हात चोळीत दवाखान्यात जाईल. दहा लाख वस्तीत वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नवे रुग्ण सापडतात. २०११ च्या जनगणनेतच आपल्या शहराची वस्ती आठ लाखांवर गेली होती. म्हणजे आपल्यात असा रुग्ण नसेलच असेही नाही.

आरंभी लक्षणे साधी असतात: बारीक ताप, वजन घटणे, थकवा, सांधेदुखी, मानेच्या बाजूला दाबले असता दुखणे. या वेळी नाडी बहुधा ठीकच लागते. तरुण बाईने हे सांगितले की तिला आपण अशक्तपणाच्या नावाखाली जमा करतो. पुढे काम करताना हात भरून येणे, वर पाहताना किंवा उभे राहताना अंधारी, क्षणभर दृष्टी जाणे, चक्कर, आणि ऐन तारुण्यात चढलेला रक्तदाब ही चिन्हे उमटतात. अशा वेळी करावयाची पहिली तपासणी फुकट आहे. दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी पाहावी. दोन्ही दंडांचा रक्तदाब घ्यावा. शंका आल्यास पायाचाही घ्यावा. दोन हातांच्या वरच्या आकड्यात दहाच्या आत फरक असणे स्वाभाविक आहे. वारंवार वीस किंवा त्याहून अधिक फरक येत असेल तर कारण शोधलेच पाहिजे. उतारवयात त्याचे कारण बहुधा धमन्या कडक होणे हे असते. तरुण वयात या रोगाची आठवण व्हावी. कुशल डॉक्टर मानेवर आणि हासळीवर नळी ठेवून आवळलेल्या धमनीचा सूं सूं आवाजही ऐकतात.

मग मोठ्या तपासण्या. ध्वनिलहरींच्या सोनोग्राफीने मानेतल्या धमनीची जाड झालेली भिंत दिसते. सी.टी. किंवा एम.आर.आय. यंत्राने महाधमनीचा नकाशा काढता येतो. रक्तातील ई.एस.आर. व सी.आर.पी. या चाचण्या सुजेचा अंदाज देतात. पण त्या नेहमीप्रमाणे आल्या म्हणजे रोग शांत आहे असे खात्रीने म्हणता येत नाही.

औषध आणि चिकाटी

१९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइड म्हणून जी औषधे आपण ऐकतो ती याच घराण्यातली. चवताळलेल्या फौजेला ती आवरतात. या रोगात प्रथम ती मोठ्या मात्रेत देतात आणि काही महिन्यांत हळूहळू उतरवितात. त्यांच्या जोडीला मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन यांसारखी औषधे देतात, म्हणजे स्टेरॉइड कमी करता येते. अलीकडे फौजेचे निरोपच मधल्या मध्ये अडविणारी इंजेक्शनेही आली आहेत. ती महाग आहेत. रक्तदाबावर स्वतंत्र औषध लागते. रोग शांत झाल्यावर, जरूर असेल तेथे, फुग्याने धमनी रुंद करतात किंवा दुसरी वाट जोडून देतात.

या औषधांना किंमत मोजावी लागते. चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि फौज आवरल्यामुळे दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. म्हणून आधी क्षयाची तपासणी करतात. मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे गर्भाला घातक आहेत. मूल हवे असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावे. पण सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. बरे वाटले म्हणून किंवा कोणीतरी स्टेरॉइड वाईट म्हणून भरविले म्हणून माणसे गोळी एकाएकी बंद करतात. रोग उसळतोच, शिवाय शरीराने स्वतःचे कॉर्टिझोन करणे मंदावलेले असल्याने प्राणावरही बेतू शकते. मात्रा उतरवावयाची ती डॉक्टरांच्या सांगण्यानेच.

आणि तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा बसणे यांपैकी काही दिसले तर दृष्ट काढीत, कांदा हुंगवीत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. साध्या अर्धांगात गुठळी विरघळविण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. कोणाला ते द्यावयाचे हे डॉक्टर ठरवितील. वेळेवर पोहोचविणे आपले काम.

वर्षानुवर्षांच्या औषधाचा खर्च पेलावयाचा कोणी? १९४८ साली आपल्या देशात कामगार राज्य विमा योजनेचा कायदा झाला तो याचसाठी. पण त्या मुलीचे नाव मस्टरवर नव्हतेच. तीन वर्षे राबून कागदोपत्री ती त्या कारखान्यात कधी आलीच नव्हती. रोजासाठी भांडताना ही गोष्ट आमच्या समोर होती, आणि ती आम्ही पुढच्या खेपेवर टाकली होती. आज नव्या सभासदाला आम्ही पहिला प्रश्न विम्याच्या कार्डाचा विचारतो.

ती आता बत्तिशीची आहे. रक्तदाब आटोक्यात आहे, गोळ्या चालू आहेत. उजव्या हाताची बोटे बटण लावताना अजून अडखळतात. बोलताना मधूनच एखादा शब्द अडतो. मग ती थांबते, आणि आम्हीही थांबतो. पूर्वी आम्हांला असे थांबता येत नसे. गाऱ्हाणे अर्धे ऐकून उरलेले आपणच पुरे करण्याची आमची सवय होती, आणि तेवढ्यावरच आम्ही पुढारी म्हणून नावाजले गेलो होतो.

श्रोतेहो, डॉक्टरांचे काम डॉक्टर करतील. आपण घरी गेल्यावर एवढेच करावे. घरातली एखादी सून, लेक, बहीण, किंवा कामावरची एखादी मुलगी हात भरून येतो, चक्कर येते असे सांगत असेल, तर तिला शेवटपर्यंत बोलू द्यावे. मग तिची दोन्ही मनगटे हातांत घ्यावी. नाडी दोन्हीकडे सारखी लागली तर उत्तमच. एकीकडे लागली नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.